गाडी अंगाला बसते का? : उंच व धिप्पाड सभासदांसाठी स्कूटरची निवड



या पानावर आपण दरवेळी बेणेप्रक्रिया, खतमात्रा, खोडव्याची निगा असे विषय वाचता. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की गावोगाव नव्या गाड्या येतात. त्यात अलीकडे स्कूटर अधिक. गिअरची कटकट नाही, पुढे पिशवी-डबा ठेवता येतो, घरातल्या लेकीसुनांनाही चालवता येते. हे सर्व ठीकच आहे. परंतु गट कार्यालयात येणाऱ्या सभासदांकडे पाहिले की एक गोष्ट नजरेत भरते. सहा फुटी, शंभर किलोचा गडी स्कूटरवरून येतो तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे हँडलच्या बाहेर फाकलेले असतात आणि पाठ धनुष्यासारखी वाकलेली असते. गाडी स्टँडला लावली की तो आधी कंबर धरतो आणि मग बोलतो.

बैलाच्या मानेला बसत नाही असे जू आपण त्याच्यावर ठेवीत नाही. खांदा सुजला तर आठ दिवस औत बंद ठेवतो. मग स्वतःच्या अंगाला न बसणारी गाडी आठ-दहा वर्षे आपण कशी काय सोसतो?

माझी चूक आधी सांगतो

मी स्वतः सहा फूट एक इंच उंच आहे. वजन १०४ किलो. ऊस नोंदणी, लागणीची पाहणी, तोडणीपूर्वीचा अंदाज यासाठी रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणे ठरलेले. काही वर्षांपूर्वी मी एक स्कूटर घेतली. शोरूममध्ये ती मधल्या स्टँडवर उभी होती. दोन मिनिटे बसलो, हँडल धरले, रंग पसंत केला आणि पैसे भरले. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. ती मध्यम बांध्याच्या माणसासाठी बनवलेली चांगली गाडी होती. मी तिच्या मापाचा नव्हतो, इतकेच.

सहा महिन्यांत डावा गुडघा दुखू लागला. मग कंबर. पावसाळ्यात शिवारातल्या एका चिंचोळ्या वाटेवर गाडी वळवीत होतो. हँडल पूर्ण वळवले तसे ते गुडघ्यावर अडले, गाडी वळेना, आणि मी गाडीसकट सरीत आडवा झालो. चिखल होता म्हणून निभावले.

परंतु खरे नुकसान माझे झाले नाही. त्या हंगामात दुखण्यापायी मी लांबच्या शिवारात जाणे टाळू लागलो. जवळची गावे करायची, लांबचे काम फोनवर भागवायचे. एका सभासदाच्या खोडव्यात हुमणी लागली होती. मी ऑगस्टच्या सुरुवातीला त्या बांधावर उभा राहिलो असतो तर पिवळी पडलेली बेटे दिसली असती. मी पोचलो तेव्हा सप्टेंबर अर्धा सरला होता आणि ऊस हाताने ओढला की मुळासकट वर येत होता. त्या आबांनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, तुमी यायचं बंदच केलंत की." हे वाक्य अजून कानात आहे. अंगाला न बसणारी गाडी माणसाला घरी बसवते. शेतकऱ्याचेही तसेच होते. पाणी बघायला रात्री जायचा कंटाळा, लांबच्या तुकड्याकडे आठवड्यातून एक फेरी, आणि मग नुकसान. म्हणून हा लेख.

'मिळेल ती' गाडी

ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. बजाज चेतक १९७२ साली आली. पुढे कित्येक वर्षे नंबर लावून वाट पाहावी लागे. माणूस उंच की बुटका हा प्रश्नच नव्हता. नंबर लागला हेच भाग्य. १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली आणि बिनगिअरची, बटनावर सुरू होणारी स्कूटर लोकांनी पाहिली. आज बाजारात ११० सीसीपासून १६० सीसीपर्यंत आणि विजेवर चालणाऱ्या अशा डझनावारी गाड्या आहेत. निवड करायला भरपूर वाव आहे. तथापि आपली सवय अजून जुनीच राहिली आहे. शेजाऱ्याने घेतली ती, मुलाने सांगितली ती, किंवा शोरूममध्ये लगेच मिळाली ती गाडी आपण घेतो.

माप पहिले : गुडघा

उंच माणसाला वाटते की सीट जमिनीपासून किती उंच हे महत्त्वाचे. हा गैरसमज आहे. उंच माणसाचे पाय जमिनीला टेकतातच. त्याची अडचण सीट आणि फूटबोर्ड यांच्यामधल्या अंतराची असते. हे अंतर माहितीपत्रकात छापलेले नसते. ते आपणच मोजायचे.

घरी साध्या खुर्चीवर चपला-बूट घालून बसा. मांडी जमिनीला समांतर ठेवा. जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत टेपने मोजा. माझे हे माप १९ इंच भरले. माझ्या त्या जुन्या गाडीवर मी बसल्यावर सीट दबून फूटबोर्डापासून जेमतेम साडेसोळा इंच उरत होती. अडीच इंचांचा फरक. याचा परिणाम असा की गुडघा वर येतो, मांडी सीटवरून उचलली जाते आणि सगळे वजन मांड्यांवर न पडता माकडहाडावर पडते. खड्डा आला की दणका सरळ मणक्यात. पाठ वाकते ती यामुळे. फरक एक इंचाच्या आत असेल तर चालते. दोन इंचांवर असेल तर ती गाडी आपली नव्हे.

दुसरे माप पुढच्या अंतराचे. भिंतीला पाठ टेकून बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत मोजा. गाडीवर नेहमीच्या जागी बसून गुडघा आणि पुढचा पत्रा यांत मोकळी जागा राहते का पाहा. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. मूठ आणि गुडघा यांत चार बोटे जागा राहिली पाहिजे. न राहिल्यास गाडी घेऊ नये. शहरातल्या सरळ रस्त्यावर हे खपून जाईल, पण आपल्याला उसाच्या दोन फडांमधून गाडी वळवायची असते.

जागा पुरत नाही म्हणून काही जण मागे सरकून, मागच्या माणसाच्या जागेवर बसतात. तसे करू नये. वजन मागच्या चाकावर जाते, पुढचे चाक हलके पडते, हँडल थरथरते आणि पुढच्या ब्रेकला पकड राहत नाही.

माप दुसरे : सीट

सीट मऊ असली की आपण खूश होतो. भारी माणसाने मऊ सीटला भुलू नये. शोरूममध्ये गादीसारखी वाटणारी सीट १०० किलोखाली तासाभरात बसते आणि खालचा पत्रा जाणवू लागतो. अंगठ्याने दाबून पाहावे. जी थोडी कडक, रुंद आणि सपाट, ती चांगली. मध्ये पायरी असलेली सीट दिसायला छान असते, पण ती पायरी उंच माणसाला मागे सरकू देत नाही. लांब आणि एकसारखी सीट असेल तर आपल्याला हवी तिथे बैठक घेता येते, आणि मागे कुटुंबाला बसायलाही जागा राहते.

माप तिसरे : वजन

ट्रॉलीत किती टन भरायचे याचा हिशेब आपण करतो; स्कूटरचा कोणी करत नाही. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत वहनक्षमता दिलेली असते. तिच्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान हे सगळे आले. ११० ते १२५ सीसीच्या अनेक स्कूटरना ही १३० किलोच्या आसपास असते, काहींना अधिक. आता हिशेब करा. मी १०४ किलो. फूटबोर्डवर युरियाचे एक पोते ४५ किलो. झाले १४९. पत्नीला मागे बसवले तर पोते नसतानाही आकडा १६० च्या पुढे जातो. म्हणजे रोजच्या साध्या वापरातच आपण मर्यादा ओलांडतो. सबब भारी माणसाने शोरूममध्ये "ॲव्हरेज किती?" या प्रश्नाच्या आधी "वहनक्षमता किती?" हा प्रश्न विचारावा.

पोत्याबद्दल आणखी एक. फूटबोर्डवर पोते ठेवले की पाय बाहेर लोंबकळतात किंवा पोत्यावर चढतात. उंच माणसाचे गुडघे मग थेट हँडलला लागतात. खताची पोती बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने न्यावीत. स्कूटर ही माणसासाठी आणि पिशवीसाठी आहे.

ब्रेकचेही तसेच. समजा रिकामी गाडी १०७ किलोची. ६० किलोचा माणूस बसला तर एकूण १६७, आणि १०४ किलोचा बसला तर २११. म्हणजे त्याच वेगात गाडी थांबवायला ब्रेकला सव्वापट काम. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक लिव्हर दाबल्यावर दोन्ही चाकांना ब्रेक लागण्याची किंवा एबीएसची सोय सक्तीची झाली, हे चांगले झाले. तरीही भारी सभासदांनी पुढे डिस्क ब्रेक असलेलेच मॉडेल घ्यावे. चार पैसे जास्त पडतील, पण ते वाया जाणार नाहीत.

इंजिनाबाबत माझे मत असे की वजन नव्वद किलोच्या वर असेल तर १२५ सीसी घ्यावी. ११० सीसी ओढत नाही असे नाही. परंतु कॅनॉलच्या चढावर, मागे माणूस असताना, मूठ शेवटपर्यंत पिळावी लागते. मग वाचायचे तेवढे पेट्रोलही वाचत नाही.

माप चौथे : चाक आणि शॉकअप

लहान चाक खड्ड्यात उतरते आणि मोठे चाक खड्ड्यावरून जाते. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांची काय दशा होते हे सांगायला नको. ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, रस्त्यावर पडलेले आणि चेंगरलेले ऊस, त्यावर सांडलेला रस. अशा ठिकाणी दहा इंची चाकापेक्षा बारा इंची बरे आणि चौदा इंची त्याहून बरे. अनेक गाड्यांना पुढे बारा आणि मागे दहा इंच असे चाक असते. भारी माणसाचे बरेचसे वजन मागच्या चाकावर येते, म्हणून मागचे चाक विचारून घ्यावे.

बऱ्याच स्कूटरना मागे एकाच बाजूला एकच शॉकअप असतो. त्यावर तीन टप्प्यांची सोय आहे का पाहावे. असल्यास गाडी ताब्यात घेतानाच तो कडक टप्प्यावर करून घ्यावा. शोरूममधून गाडी येते ती बहुधा मऊ टप्प्यावर, आणि पुढे कोणी त्याला हात लावीत नाही. चाकातल्या हवेचेही हेच. अनेक मॉडेलांना मागच्या चाकात एकट्यासाठी २९ पौंड आणि दोघांसाठी ३६ पौंड हवा सांगितलेली असते. हे आकडे सर्वसाधारण वजनाच्या माणसांसाठी असतात. शंभर किलोच्या माणसाने एकटे असतानाही मागे दोघांचा आकडा ठेवावा आणि पंधरा दिवसांनी हवा तपासावी.

कोणत्या गाड्या बसून पाहाव्यात

"साहेब, एक नाव सांगून टाका" असे पुष्कळ जण म्हणतात. वाण सांगतानाही मी जमीन पाहिल्याशिवाय सांगत नाही, तसेच हे. परंतु कुठून सुरुवात करावी एवढे सांगतो. सीटची उंची कंपन्यांनी दिलेली आहे.

सुझुकी ॲक्सेस १२५ : सीटची उंची ७७३ मिमी, सीट लांब आणि सपाट, गाडी हलकी. पुढचे चाक बारा, मागचे दहा इंची.

सुझुकी बर्गमन स्ट्रीट : २०१८ मध्ये आली. सीट ७८० मिमी आणि रुंद. फूटबोर्ड पुढे तिरपा वर गेलेला असल्याने पाय पुढे सोडून बसता येते. लांब पायांच्या माणसाला याचा आराम कळतो. हिच्या ईएक्स प्रकाराला मागेही बारा इंची चाक आहे.

टीव्हीएस ज्युपिटर १२५ आणि एनटॉर्क १२५ : सीट अनुक्रमे ७६५ आणि ७७० मिमी. दोन्हींना पुढे-मागे बारा इंची चाके. ज्युपिटर १२५ मध्ये पेट्रोलची टाकी फूटबोर्डाखाली असल्याने डिकी मोठी आहे आणि पेट्रोल भरताना उतरून सीट उघडावी लागत नाही.

यामाहा एरॉक्स १५५ : सीट ७९० मिमी, चाके चौदा इंची. मात्र पायांच्या मध्ये उंचवटा आहे, सपाट फूटबोर्ड नाही. पिशवी पुढे ठेवण्याची सवय असलेल्यांनी विचार करावा. चौदा इंची चाकांची स्कूटर आपल्याकडे नवी नाही. २०१६ साली बारामतीच्या कारखान्यातून अप्रिलिया एसआर १५० ही याच मापाच्या चाकांवर बाहेर पडली होती.

विजेवरची घ्यायची असल्यास एथर रिझ्टा (सीट ७८० मिमी, लांब व मोठी) बसून पाहण्यासारखी आहे. फक्त ध्यानात ठेवा, भारी माणसाला आणि दोघांना घेऊन जाताना एका चार्जमध्ये छापील किलोमीटर पडत नाहीत. हिशेब कमी धरून करावा.

गाडी घरात दोघांची असते हेही विसरू नये. ७९० मिमीची सीट आपल्याला छान, पण पाच फुटांच्या सुनबाईंना चवड्यांवर उभे राहावे लागते. वर सांगितल्याप्रमाणे आपली अडचण सीटच्या उंचीची नसून फूटबोर्डापासूनच्या अंतराची आहे. तेव्हा ७६५ ते ७८० मिमीतली, पण ऐसपैस जागेची गाडी दोघांनाही चालते. खरेदीला जाताना दोघांनी मिळून जावे.

शोरूममध्ये काय करावे

१. गाडी स्टँडवरून खाली घ्यायला सांगावी. मधल्या स्टँडवर मागचे चाक अधांतरी असते, शॉकअप दबत नाही आणि सीट आहे त्यापेक्षा उंच भासते. मी नेमका इथेच फसलो.

२. टेप खिशात न्यावी. घरी घेतलेली दोन मापे कागदावर लिहून न्यावीत.

३. निदान दहा मिनिटे बसावे आणि मागे घरच्या माणसाला बसवावे.

४. चालवून पाहताना गुळगुळीत रस्ता नको. गतिरोधकावरून न्यावी, आणि अरुंद जागेत पूर्ण हँडल वळवून दोन्ही बाजूंनी फिरवावी.

५. गतिरोधकावर मागून 'ठक्' असा आवाज आला तर शॉकअप तळाला टेकतो असे समजावे. कडक टप्पा करून पुन्हा पाहावे. तरीही आवाज आला तर दुसरी गाडी पाहावी.

लाजू नये. उंच-धिप्पाड माणसाला "मला ही बसत नाही" असे म्हणायला संकोच वाटतो. शोरूममधला पोरगा हसेल असे वाटते. हसू दे. पैसे आपल्या उसाचे आहेत.

गाडी आधीच घेतली असेल तर

सगळ्यांना गाडी बदलणे परवडणारे नाही. सीट बनवणाऱ्या कारागिराकडून पुढच्या बैठकीखाली कडक फोमचा एक-दीड इंच थर घालून घ्यावा. मांडीला आधार मिळतो आणि गुडघा तेवढा खाली येतो. मी तेच केले. खर्च फारसा आला नाही आणि कंबरेचे दुखणे निम्म्यावर आले. शॉकअप आणि हवा वर सांगितल्याप्रमाणे करावी. मात्र हँडल उंच करून घेण्याच्या फंदात पडू नये. हँडल वळवताना ब्रेकच्या केबली ताणल्या जातात आणि ऐनवेळी घात होतो. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर पाच मिनिटे उतरून पाय मोकळे करावेत. हेल्मेटही डोक्याच्या मापाचे, आयएसआय शिक्क्याचे घ्यावे. मोठ्या डोक्यासाठी मोठे माप मिळते.

गेल्या वर्षी मी गाडी बदलली. या वेळी टेप घेऊन गेलो, तीन शोरूम फिरलो आणि चौथ्या गाडीला होकार दिला. यंदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच त्या आबांच्या बांधावर जाऊन आलो. हुमणी नव्हती. आबा म्हणाले, "आता कसं, वरचेवर येत जावा."

ऊस मोजणीची टेप प्रत्येक गट कार्यालयात आहेच. खरेदीला निघण्यापूर्वी या, आपले माप घेऊन देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी